तांदळाच्या पिंपातली गिटार

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोठी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण टाचा उंच असलेले टोकदार बूट घालून, खांद्यापर्यंत केस सोडून, कंबर हलवत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या आत्येचा नवरा होता. आम्ही भावंडं त्यांना आतोबा म्हणायचो. गाव त्यांना काय म्हणायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाट्याच्या खाडीत ज्यांची होडी होती अशा घरात हा माणूस जन्मला, अठराव्या वर्षी मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला, आणि तिथं एका हॉटेलात वाजवणाऱ्या गोवेकर मास्तरांना घरच्या सुक्या बोंबलांच्या जुड्या पोचवता पोचवता त्यांच्याकडून गिटार शिकून बसला. साठच्या दशकात मुंबईत चौघा पोरांचा त्यांचा एक रॉक ग्रुप होता. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये आणि क्लबांत ते वाजवायचे, मुली किंचाळायच्या, एक तबकडीसुद्धा निघाली होती. पुढं गाणारा लग्न करून परदेशी गेला, ड्रमवाला त्याच्या मागोमाग ऑस्ट्रेलियाला गेला, चौथा कुठं गेला ते बरीच वर्षं कुणालाच कळलं नाही, आणि आतोबा वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परत आले.

परत आल्यावर त्यांनी नोकरी धरली ती पोफळीच्या वीजघरात, वायरमनची. सगळ्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. खरं कारण त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "बाय, इलेक्ट्रिक गिटारला ताजी वीज लागते. पोफळीला ती जागेवर तयार होते. रत्नागिरीला पोचेपर्यंत शिळी होते, सूर आंबतो." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की विज्ञानाची शिक्षिका असूनही मी त्यांना खोडून काढलं नाही. तिथल्या क्वार्टरमध्ये त्यांनी अख्खी नोकरी आणि अख्खा संसार ताज्या विजेवर केला आणि निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, तेव्हा मी कॉलेजात होते. त्या वर्षी मी त्यांची चाहती झाले ती कायमची.

त्यांच्या केसांवरून घरात जेवढं रामायण झालं तेवढं जमिनीवरूनही झालं नाही. वडील गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे डोकं भादरायची वेळ आली. आतोबांनी तीन दिवस टाळाटाळ केली, मग स्वतःच जाऊन न्हाव्यासमोर बसले आणि ढसाढसा रडले. आत्या म्हणायची, "बापापेक्षा केसांसाठी जास्त रडले." त्यावर आतोबांचं म्हणणं एवढंच, की दोन्ही एकदम झालं, त्यामुळे कुणासाठी किती ते वेगळं काढता येत नाही. पुढं न्हाव्याला त्यांच्या डोक्यावर दोन बोटांपलीकडे कात्री चालवायची परवानगी नव्हती, आणि ती दोन बोटंही आतोबा स्वतःची लावून मोजत. सही मागितली की त्यांचा हात आपोआप चाहत्यांच्या वहीत द्यायची सही करायचा, आडवी लांबलचक, शेवटी एक छोटी गिटार काढून. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याच्या पावतीपुस्तकात ती सही चार माणसांच्या रकाने ओलांडून जायची. तो बिचारा पुढच्या घरी सांगायचा, "तुमची सही मागच्या पानावर करा, इथं त्या काकांची गिटार आलीय."

गिटारचा खरा शत्रू म्हणजे कोकणातला पावसाळा. तारा गंजायच्या, लाकूड फुगायचं. म्हणून जूनपासून गिटार तांदळाच्या पिंपात असायची, गळ्यापर्यंत तांदळात पुरलेली, मान तेवढी बाहेर. तांदूळ ओल शोषून घेतो हा त्यांचा शोध. आत्या भात लावायला गेली की आधी गिटारला बाजूला करावं लागायचं. "सवत बरी," आत्या म्हणायची, "ती निदान आपणहून सरकून बसली असती." ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीसाठी मात्र गिटार बाहेर यायची, कारण आरतीच्या प्रत्येक कडव्यानंतर आतोबा आपला एक तुकडा वाजवायचे. तो कधी संपेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. एका वर्षी कापूर संपला, टाळ वाजवणारे खाली बसले, मोदक गार झाले, आणि आतोबा डोळे मिटून गुडघ्यावर आलेले. आमच्या भटजींनी शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावून विचारलं, "झाली का हो प्रसादाची वेळ?"

त्यांचा कान हा मात्र थट्टेचा विषय नव्हता. कुकरची शिटी कुठल्या सुरात आहे, हातखंब्याहून येणारी एसटी कुठल्या सुरात घाट चढते, सगळं त्यांना ठाऊक. एकदा शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा मिक्सर काल रात्रीपासून अर्धा सूर उतरलाय. बेअरिंग बघून घ्या." शेजारी हसले. चार दिवसांनी चटणी वाटताना मिक्सर जागच्या जागी जळाला. त्यानंतर गल्लीतले लोक पंखे, पंप, शिलाई मशिन असलं काहीही त्यांना ऐकवायला आणायचे. आतोबा कान टेकवून ऐकायचे आणि निदान सांगायचे.

सत्तरी ओलांडल्यावर हे निदान चुकायला लागलं. आमचा नवा कोरा पंखा त्यांनी बिघडलेला ठरवला. "हल्ली सगळंच खाली वाजतं," ते चिडून म्हणायचे, "कुणाला सुराची लाजच राहिली नाय." एका दुपारी मी न सांगता गेले, तर आतोबा ओटीवर पाठमोरे बसले होते आणि गिटारच्या लाकडावर दात रोवून तार छेडत होते. मी हाक मारली. ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा मारली. आत्या आतून आली, तिनं माझ्या दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"हाडातून ऐकतात जरा," ती म्हणाली. "कान गेलेत. कुणाला बोलू नको. तुला कळलंय हे त्यांना कळलं तर गिटार सोडतील."

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाहून ड्रमवाल्याचं पत्र आलं. चौघांपैकी आता आपण दोघेच उरलोत, डॉक्टरांनी यापुढे लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय, तेव्हा हा शेवटचाच. रत्नागिरीला येतो, एकदा बरोबर वाजवू. पत्र वाचून आतोबा दोन दिवस हवेत होते आणि तिसऱ्या दिवशी जमिनीवर आले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी गेले तर त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हे एवढं बँडेज. "दारात चेमटलं," ते म्हणाले. दार कुठलं ते त्यांना ठरवता आलं नव्हतं. मला एकदा मागचं सांगितलं, एकदा न्हाणीचं.

ड्रमवाले आले. उंच, वाकलेले, टक्कल पडलेले, फुलाफुलांचा शर्ट घातलेले गृहस्थ. दोघे मिठी मारून दारातच इतका वेळ उभे राहिले की रिक्षावाल्याला पेटी उतरवून द्यायला जागा मिळेना. मग त्यांची नजर बोटाकडे गेली. "काय मॅन, बोटाला काय झाला?" आतोबांना ते ऐकू आलं नाही. ते नुसते हसले आणि म्हणाले, "हो, प्रवास लांबचाच पडतो."

ड्रमवाल्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तांब्या खाली ठेवला, आतोबांचा हात धरला आणि सगळं बँडेज सोडून काढलं. बोट ठणठणीत होतं. "बोट बरं हाय ह्यांचं," ती ओरडून म्हणाली. "कान गेलेत. लाजतात."

आतोबांनी मान खाली घातली. एवढा लहान झालेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. ड्रमवाल्यांनी आपल्या दोन्ही कानांतून दोन यंत्रं काढली आणि आतोबांच्या तळहातावर ठेवली. "ड्रम वाजवून वाजवून, मॅन!" ते म्हणाले. "माझे तर तुज्याआधी गेले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बैठक ठरली. पाली गावातल्या लग्नाच्या बँडवाल्यांकडून मी ढोल, ताशा आणि झांजा मागून आणल्या होत्या, त्यांचीच ड्रमवाल्यांनी मांडणी केली. आत्याच्या ओळखीच्या मासळीवाल्या बायका बाजार आटोपून पाट्यांसकट आल्या, गल्ली आली, माझ्या शाळेतली गुरुजी मंडळी आली. आतोबांनी टोकदार बूट घातले. पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात दोघांच्या वाटा फुटल्या. गिटार संपली तरी ढोल चालूच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून वाजवतात तसल्या. आतोबांनी गळ्यातला पट्टा काढायला हात वर नेला.

तेव्हा आत्या उठली. पदर खोचला आणि दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली. "माज्याकडं बगा," ती म्हणाली. "दोगांनी. माज्या हाताकडं." आणि तिनं हवेत चार ठोके दिले. पन्नास वर्षं "मला काय कळतंय त्यातलं" म्हणणारी माझी आत्या, हातात ओल्या वाटपाची हळद, एका रॉक ग्रुपला ताल देत होती. गिटारच्या तुकड्याची जागा आली की डावा हात वर करायची, ढोलाला थांबवायची, तुकडा संपायच्या आधी एक ठोका बोट उचलून सावध करायची. एकदासुद्धा चुकली नाही. दोन म्हातारे तिच्या हातावर डोळे लावून वाजवत होते आणि गाणं असं बांधून आलं की एका मासळीवालीनं उठून कंबर हलवली आणि दुसरीनं शिट्टी घातली. शेवटच्या ठोक्याला आतोबा रडत होते, हसतही होते.

संध्याकाळी ओटीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुला कधी पाठ झालं गो सगळं?"

"पोफळीला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं," आत्या त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. "मी जाणार होते कुठं?"

त्यानंतर दोन पावसाळे आतोबा होते. शेवटपर्यंत केस खांद्यावर होते, आणि नर्सच्या कागदावर त्यांनी सही केली तीही गिटारसकट. ते गेल्यावर ड्रमवाल्यांना मीच मेसेज लिहून कळवलं.

पुढच्या रविवारी त्यांचा आत्याला व्हिडिओ कॉल आला आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी येतो. त्यांचं मराठी संपत आलंय, तिला इंग्रजी येत नाही, आणि फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. मी नुसता मोबाईल धरते. ते टेबलावर दोन काठ्यांनी वाजवायला लागतात. गिटारची जागा आली की आत्या पडद्यासमोर डावा हात वर करते, ते थांबतात, आणि ती हात तसाच धरून बसते. तेवढा वेळ ओटीवर काहीच वाजत नसतं. मग ती हलकेच बोट उचलते, हात खाली घेते, आणि ते पुन्हा सुरू करतात.