फुकटचं टायपिंग

"फुकट करू नका, पावती द्या."

मावशींचं हे मला म्हटलेलं पहिलं वाक्य. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कोर्टाबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो. उभ्या जन्मात मी कुणाला पावती दिली नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती.

मावशी कळस गावच्या. इंदापुरात एका ठेकेदाराच्या मेसमध्ये भाकऱ्या थापायच्या. त्यानं सात महिन्यांचा पगार बुडवला. सोबतच्या तिघींचाही बुडाला, पण त्या गप्प बसल्या. एसटीचं भाडं, वकील, कामाचे खाडे, सगळं पदरचं जाणार, ही त्यांची भीती. मावशी एकट्याच कोर्टात आल्या आणि पगारासोबत दाव्याचा खर्चही मागितला.

मला दया आली, म्हणून टायपिंगचे पैसे नको म्हटलं. तर माझ्यावरच डाफरल्या.

"तुमी फुकट केलं की त्याचं फावलं. तुमचा दानधर्म त्याच्या खिशात कशापायी?"

झक मारत पावतीपुस्तक विकत आणलं.

अशी चिवट माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना वेडं ठरवून मोकळे होतो. मीही ठरवलं होतं. खर्चाच्या पुराव्यातलं एसटीचं एक तिकीट हरवलं तर मावशींना दिवसभर चुटपुट लागायची.

शेवटी ठेकेदार नरमला. पूर्ण पगार देतो, खर्च तेवढा सोडा म्हणाला. वकील म्हणाले घ्या, मीही म्हटलं घ्या.

"मी सोडला, तर त्या तिघी कवाच यायच्या न्हाईत," मावशी म्हणाल्या.

मग ठेकेदारानं माझ्या पावत्याच खोट्या ठरवल्या. मावशींच्या वकिलांनी मला साक्षीला उभं केलं. खरं सांगतो, जिवावर आलं होतं. त्या ठेकेदाराची सगळी टेंडरं माझ्याच मशीनवर टाइप व्हायची. मावशींनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्यावर दडपण नको म्हणून असेल. पावत्या माझ्याच, पैसे रोख घेतलेत, असं मी सांगून टाकलं. टेंडरं गेली ती गेलीच. निकाल मात्र खर्चासह लागला.

महिन्याभरानं त्या तिघी माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनाही दावा लावायचा होता. मी मावशींची चौकशी केली. मागल्या मंगळवारी झोपेतच गेल्या, असं त्यांच्यातल्या थोरलीनं सांगितलं. मी उगाचच टाइपरायटरची रिबन काढून पुन्हा बसवत राहिलो.

तिघींच्या साक्षीला मावशीच येणार होत्या, असं त्या म्हणाल्या. आता कोण येणार, मी विचारलं.

थोरली पदर खोचून बाकावर बसली.

"आमीच. मी हिची, ही तिची, ती माझी. लिवा तुमी."