झाकण उघडं ठेव

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तेवढं ऐकू येत होतं. "कसे?" असं मी विचारलंच नाही. आठवड्यापूर्वी यवतमाळच्या दवाखान्यात भेटलो, तेव्हा तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होता. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. मला पाहिल्यावर त्याचा पहिला प्रश्न मात्र पात्याचा होता. "मास्तर, पातं पाह्यलं का? अजून आरशासारखं हाय."

हे पातं काय, ते सांगायला हवं. सुधाकर आणि मी घाटंजीच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मी रसायनशास्त्र शिकवायला यवतमाळला आलो, त्यानं गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये सरकी धुण्याचा धंदा टाकला. सरकीवर, म्हणजे कापसाच्या बियांवर, लव असते, त्यामुळे पेरताना दाणे एकमेकांना चिकटतात. गंधकाच्या पातळ, कोमट तेजाबात, म्हणजे सल्फ्युरिक आम्लात, ती घुसळून तापवून वाळवली की लव जळून जाते आणि काळा, सुटा दाणा हाती येतो. पण तेच तेजाब घुसळणारं लोखंडी पातंही दर हंगामात खाऊन टाकायचं. एकदा वणीच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून तो टायटॅनियमचा पत्रा घेऊन आला. "तो मनते, याले जंगच लागत नाही. तू पाहून सांग," म्हणत त्यानं दोन पट्ट्या माझ्या टेबलावर टाकल्या. "नाहीतर तुह्या शिक्षणाचा फायदा काय बे?"

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. वर्षानुवर्षं तीच प्रात्यक्षिकं करवून घेत आलेल्या माणसाला कोणीतरी खराखुरा प्रश्न विचारला होता. त्याच्याच टाकीतलं तेजाब मी दोन बाटल्यांत भरलं आणि प्रत्येकीत एक पट्टी सोडली. एक बूच लावून घट्ट बंद केली, दुसरी उघडी ठेवून तिच्यात माशांच्या टाकीच्या पंपानं हवा सोडली. दर शनिवारी पट्ट्या धुऊन, वाळवून तोलायच्या. त्यासाठी सुधाकर एसटीनं यायचा आणि स्टुलावर बसून तराजूकडे टक लावून पाहायचा. हवा सोडलेल्या बाटलीतल्या पट्टीचं वजन रतीभर हललं नाही. कानशीनं ओरखडा काढला, तरी पुढच्या शनिवारी ती तशीच. बंद बाटलीतली मात्र मळकट राखाडी होत हलकी होत चालली. मी त्याला समजावलं, या धातूच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो, ओरखडा पडला तर तो पुन्हा भरून येतो. पण अशा तेजाबात त्याला हवा मिळत राहिली पाहिजे. कोंडून ठेवलं तर पापुद्रा विरतो, आणि मग तेजाब धातूच खातं. शाळेत कधी ऐकलं नाही इतक्या मन लावून त्यानं ऐकलं. "म्हंजे यालेही श्वास लागते काय बे?"

"लागतो. तू टाकीवरचं झाकण काढून टाक. उघडंच ठेव."

त्यानं त्या पत्र्याचं पातं करून बसवलं आणि तसंच केलं. धातूपुरता माझा सल्ला बरोबर होता, आजही मी त्यावर सही करीन. टाकीत हवा जाईल, एवढाच विचार मी केला. टाकीतून काय बाहेर येईल, हा केला नाही. पुढे दोन-तीनदा शेडमध्ये गेलो, तेव्हा तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरले, ठसका लागला. मी दारातच थांबलो आणि तिथूनच चकाकणारं पातं पाहून खूश झालो. मग त्याचे पुढचे दात झिजलेले दिसले, तर तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं झाले असं समजून मीच त्याला झापलं, "खर्रा सोड आता." "मी कुठं खातो बे!" तो हसला. आमच्या जिल्ह्यात या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? खोकला सुरू झाला, तर म्हणालो, कापसाच्या रुईची धूळ असेल. पट्टीचं वजन मी दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत पाहत होतो, आणि समोरच्या स्टुलावर बसलेला माणूस झिजत होता तो मला दिसला नाही. मी अडाणी असतो तर एक वेळ चाललं असतं.

पुढे पाकिटातलं बियाणं आलं आणि घरची सरकी धुवायला येणं लोकांनी सोडलं. टाकी पेरणीआधी आठेक दिवस चालायची, मग तेही थांबलं. पातं माझ्यामागंही टिकेल, पण घुसळायला सरकी उरली नाही. त्या वर्षांत रोजच्या पेपरात आमच्या जिल्ह्यातली मरणं असायची. सुधाकर शेतकरी नव्हता, त्यानं काही पिऊन घेतलं नव्हतं, म्हणून त्याचं मरण कोणाच्या यादीत आलं नाही. दवाखान्यात त्या दिवशी मी त्याला सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो... त्यानं पात्याचं विचारलं. "चांगलं आहे," म्हणालो आणि घरी आलो.

तेरवीनंतर वहिनींबरोबर शेडमध्ये गेलो. टाकी कोरडी ठणठणीत होती. पातं खरंच चकाकत होतं. झाकण भिंतीला टेकून उभं होतं, माझ्या सांगण्यावरून त्यानं ठेवलं तिथंच. काय वाटलं कोणास ठाऊक, मी ते उचललं आणि टाकीवर ठेवलं. बरोब्बर बसलं.

"नका ठेवू भाऊजी," वहिनी घाईनं म्हणाल्या, "पातं खराब होते. त्यायनं कधी ठेवू देल्लं नाही. तुमीच सांगतलं होतं ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सांगून टाकायची वेळ हीच होती, मी तोंडही उघडलं... मग झाकण उचललं आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवलं.