दोन रंगांचा धुरा

रागिणी वानखडे रोज सकाळी बडनेऱ्याहून स्कुटीवर निघते आणि नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा गाठते. नेटवर फुकट मिळणारं शिकवायचं काहीही ती सोडत नाही. बोटानं फिरवता येणारं हृदय, ग्रहमाला, प्रश्नमंजुषा, सगळं घरूनच लॅपटॉपवर उतरवून आणते. शाळेत रेंज फक्त खिडकीत येते. म्हणून नकाशा लागला की लॅपटॉपला नेट द्यायला तिचा फोन दिवसभर खिडकीच्या गजाला बांधलेला.

सातवीला क्षेत्रफळ आलं तेव्हा तिनं पुस्तकातला आयत बाजूला ठेवला. प्रोजेक्टरनं भिंतीवर उपग्रहाचा नकाशा पाडला आणि मुलांना म्हणाली, आपापलं शेत शोधा, कडेकडेनं टिंबं द्या. टिंबं जुळली की क्षेत्रफळ आपोआप येई. जूनपासून एकदाही हात वर न केलेला प्रीतम त्या दिवशी भिंतीपासून हटेना.

मुलं आकडे घेऊन घरी गेली आणि तिथंच बिघडलं. प्रीतमचे वडील देवमन आणि शेजारचे खुशालराव यांच्या शेतांच्या मधोमध एक धुरा, म्हणजे बांध आहे, त्यावर कडुलिंब. गवत एका वर्षी याचं, एका वर्षी त्याचं, असा जुना रिवाज. आता दोघंही म्हणू लागले की मोबाइलनं मोजलंय, धुरा पूर्ण आमचाच.

खुशालराव शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. शनिवारी ते देवमनला घेऊनच वर्गात आले.

"मॅडम, तुमी गावात भांडणं लावून राह्यल्या. सोमवारपासून हे आकाशातून मोजनं बंद. पुस्तकातून शिकवा."

रागिणीची नजर प्रीतमकडे गेली. तो पुन्हा शेवटच्या बाकावर, मान खाली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं दोघांना पोरांच्या बाकावर बसवलं, लॅपटॉप उघडला आणि भिंतीवरच्या एकाच नकाशावर दोन्ही शेतं टाकली. खुशालरावांच्या नातीनं, आचलनं, काढलेलं हिरवं, प्रीतमचं पिवळं. मधल्या पट्टीवर दोन्ही रंग एकमेकांवर चढले होते. लिंब बरोबर त्यात.

"हा धुरा तू आपल्यात काहून घेतला?" खुशालरावांनी नातीला विचारलं.

"तुमीच तर म्हनता आबाजी, आखा धुरा आपला हाय."

"माह्या घरीबी असंच म्हनते," मागून प्रीतम म्हणाला.

देवमन खालमानेनं बाकावरची शाई खरवडू लागला. मग आधी तोच हसला.

दोन गुंठ्यांची ती पट्टी कशी वाटायची, हे रागिणीनं प्रीतमलाच विचारलं. तो भिंतीपाशी आला, लिंबाच्या मधोमध बोट ठेवलं आणि तिथून पट्टीच्या दोन्ही टोकांपर्यंत सरळ रेघ ओढत नेली. रागिणीनं त्याच रेघेवर टिंबं दिली. दोन्ही आकडे एकेका गुंठ्यानं उतरले. खुशालरावांनी चष्मा पुसून आकडे दोनदा वाचले. मग चष्मा खिशात घालून ते उठून गेले.

सोमवारी फोन गजाला बांधताना रागिणीला खुशालराव फाटकातून येताना दिसले. नकाशा बंद करायलाच आले, असं तिला वाटलं. पण तक्रार वेगळीच होती.

"मॅडम, तुमच्या नकाशात माह्या घरावर अजून टिनंच दिसून राह्यले. स्लॅब टाकून दोन वर्षं झाली. तेवढं दुरुस्त करा, मंग चालू द्या पोरायचं."