रानकांद्यावरचं फुलपाखरू आणि सासूबाईंचा हात

मंडळी, आज ऊन कलताना सासूबाईंसोबत लासलगावजवळच्या आमच्या टेकडीवर गेले होते. करपलेल्या माळावर रानकांद्याचा दांडा उभा होता. पान एकही नाही, नुसती पांढुरकी फुलं. त्यावर एक फुलपाखरू.

मला तो कांदा आणि हे फुलपाखरू, दोघं भावंडंच वाटली. एक कोषात, दुसरा मातीत गपचूप पडून होता, आणि आता एकदम हे असं!

सासूबाईंचा हात आपोआप पुढे गेला. आमच्या वावरात कांद्याला फूल आलं की दांडा मोडतात, नाहीतर कांदा पोसत नाही.

फुलपाखरू उडालं. हात थांबला.

"हा तर रानचा कांदा, कुणाचाच नाय," त्या हसल्या. वाकून वास घेतला. "लय फुलं मोडली गं आजवर. बघितलं आजच."

तुम्ही कुठलं फूल नुसतं सवयीनं मोडत आलात?