हंडेवाली पाच

"मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू दे."

सर खुर्चीत मागे रेलले होते. टेबलापुढं मी उभी. बाजूच्या बाकड्यावर चार टँकर ड्रायव्हर चहा पीत बसलेले. मी हळू आवाजात सांगितलं होतं, ते सरांना पुरलं नाही. मग मी मोठ्यानं म्हणाले, "हंडेवाली चार."

ड्रायव्हर हसले. एकाला तर ठसका लागला. सर हसले नाहीत. त्यांनी डायरी उघडली, चार खोडलं, पाच लिहिलं. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि म्हणाले, "जा, हंडेवाली पाच. आता तीन महिन्यांनी ये."

हा माझा पासवर्ड होता. इंग्रजी अक्षरांत हंडेवाली आणि पुढं आकडा.

टँकर पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या ऑफिसात मी कंप्युटरवर बसायचे; सर तिथले मॅनेजर. कुठला टँकर कुठल्या वस्तीत कधी रिकामा झाला, ते टाकायचं. कामाच्या पहिल्याच दिवशी मला वीस मिनिटं उशीर झाला. आमची वस्ती शहराच्या कडेला, गुंठेवारीत. घरं झाली, गल्ल्या झाल्या, नळ काही आला नाही. सकाळी टँकर आला आणि मी रांगेत अडकले. खोटं कशाला बोलायचं, म्हणून तसंच सांगितलं. सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बरं. हंडेवाली आली म्हणायची." तेच त्यांनी माझ्या खात्याला लावून टाकलं. नंतर सव्वा वर्षात त्यांनी माझ्या हातून चहाचा कप कधी घेतला नाही. माझं खातं मात्र त्यांच्या हातात होतं.

दर तीन महिन्यांनी पासवर्डची मुदत संपायची. नवा लावायचा तर ओटीपी लागायचा आणि तो सरांच्या मोबाइलवर यायचा. आम्हा तिन्ही ऑपरेटर बायकांच्या खात्यांना नंबर सरांचाच. पासवर्ड त्यांच्या डायरीत. तिथली रीतच होती ती. माझ्याआधीपासून तिथं असलेल्या मंदाताईंनी मला समजावलं होतं, की हे असंच असतं, जास्त विचार करू नकोस. मी केला नाही. रोज सकाळी दहा वाजता मी माझ्याच बोटांनी मला शिवी टाइप केली. पगाराची गरज होती, हे खरं. पण त्या शिवीची मला सवय झाली होती, हेही खरं. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. एप्रिल अर्धा गेला होता. पडद्यावर पिवळी पट्टी यायला लागली, पासवर्डची मुदत संपायला सात दिवस. सहा दिवस. मग तीन दिवस उरले. आणि सर गोड बोलायला लागले. माझा चुलता वारला तेव्हा ज्या माणसानं मला अर्धा दिवस सोडलं नव्हतं, तो आपणहून म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, तीन दिवस जाऊन ये.  हे कशामुळं, ते कळेना. तरी मी गेले.

आमचं खेडं पिशोरच्या पुढं. डोळ्याला पट्टी बांधून आई ओसरीवर पडलेली. पासवर्डची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. ती दिसत नव्हती मला, म्हणजे तिचे डोळे दिसत नव्हते, म्हणून सांगता आली असेल. आईच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. हंडा घेऊन लांब उभं राहायचं. कुणी येईल, कुणाला दया येईल, तो वरून ओतेल. ओटीपी म्हणजे काय ते तिनं मला दोनदा विचारलं.  मग म्हणाली, "म्हंजी अजून वरूनच ओतत्यात म्हन की."

 रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी वस्तीत परतले, तर शेजारच्या शबानाभाभी माझ्या दारातच उभ्या. किराणा दुकानाच्या भिंतीवर दर आठवड्याला टँकरच्या फेऱ्यांची यादी लागायची. ती फाडून त्यांनी हातात आणली होती. गेल्या तीन दिवसांत आमच्या वस्तीत आठ टँकर रिकामे झाले, असं त्यात होतं. नोंद करणारीचं नाव माझं.

"आठ टँकरां आए बोलके लिखे," त्या म्हणाल्या. "तीन दिन से बच्चे बगैर नहाए हैं. और नाम तुमारा है."

मी बसची तिकिटं दाखवली. त्यांनी ती बघितली, पण माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हा मला सुट्टी का मिळाली ते कळलं. खोट्या फेऱ्या टाकून बिलं काढायची तर नाव दुसऱ्याचं लागतं. आणि दुसरी म्हणजे हंडेवाली.

ऑफिसात गेले. पडद्यावर मुदत संपल्याची पाटी. सरांच्या केबिनकडं जायला पाय उचलला होता. सवयीनं. तिथूनच मागे वळले, खाली उतरले आणि रिक्षा करून एजन्सीच्या छावणीजवळच्या मुख्य ऑफिसात गेले. तिथं कंप्युटर सांभाळणारा जाड चष्म्याचा एक माणूस होता. त्यानं ओळखपत्र बघितलं, पडदा बघितला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "खातं तुमचं आहे. मग नंबर दुसऱ्याचा कसा?"

सव्वा वर्षात हा प्रश्न मला पडला नव्हता. सरांच्या हसण्यापेक्षा त्याची लाज मला जास्त वाटली.

एक फॉर्म होता. नाव, नंबर, सही. इतकंच होतं ते. सहा आकडे माझ्या मोबाइलवर आले, ते टाकून नवा पासवर्ड मीच ठेवला. मग दुसरा कागद मागून घेतला. त्या तीन दिवसांत मी गावी होते, त्या आठ फेऱ्या मी टाकलेल्या नाहीत, असं लिहिलं. तिकिटं जोडली. माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.

परत आले तर सर मोबाइल हातात धरून बसलेले. ओटीपी आला नाही म्हणाले. मी सांगितलं, माझ्याकडं आला.

त्यांनी डायरी उघडली. "काय ठेवलास? मोठ्यानं सांग."

बाकड्यावरच्या ड्रायव्हरांनी माना वर केल्या. मी मोठ्यानंच सांगितलं. "नाही सांगणार."

सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तपासणी येतेय. त्या फेऱ्यांवर नाव कुणाचं आहे, माहितेय ना?"

"माझं. म्हणून तर लेखी देऊन आले."

उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मी म्हटलं, तेवढं कागदावर द्या. तो कागद अजून आलेला नाही. मी रोज दहाला जाते. मंदाताईंनी जिन्यात गाठून विचारलं, फॉर्म कुठं मिळतो.

आमच्या वस्तीत आता टँकर येत नाही. संध्याकाळी त्या चौघांतला एक ड्रायव्हर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावून बसलेला असतो, माझ्या दाराकडं बघत. शबानाभाभी रिकामा हंडा घेऊन माझ्या दारावरून जातात, दोन गल्ल्या सोडून पाणी मागायला. तो हंडा मला दिसतो. मला भीतीही वाटते, ती कशाला लपवू.

पण रोज पाच वाजता मी आमच्या वस्तीच्या नावापुढं शून्य टाकते. माझ्या नावानं, माझ्या पासवर्डनं. टँकर आमच्या गल्लीत रिकामा होईपर्यंत तिथं दुसरा आकडा पडणार नाही.