बॉनेटवरचा आठ

आमच्या सासऱ्यांना कुणाकडे काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उठून घेणार. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झालेली, आणि हाताला कंप सुटल्यापासून तर कुणी मदतीला पुढे झालं की भुवया वर. अशा माणसाने शहात्तराव्या वर्षी प्लास्टिकच्या सुट्या भागांची जीप जुळवायला घेतली तेव्हा मी कपाळाला हात लावला. जीप केवढी, तर वीतभरही नाही. एकाहत्तरच्या लढाईत ते आणि त्यांचा मित्र जी चालवत, तिचीच हुबेहूब प्रतिकृती. मित्र गाझियाबादला असतो, दसऱ्यानंतरच्या रविवारी तो दिल्लीतल्या द्वारकेला आमच्याकडे येणार होता. त्याच्या हातात जीप ठेवायची, आणि तीही सगळी आपल्या हातची. बाबांचा एवढा एकच ध्यास.

मी आधी खूप कुरकुरले. जेवायच्या टेबलावर गोंदाचा वास, घरातलं नेलकटर सुटे भाग कापायला पळवलेलं. पण खोटं कशाला बोलू, येता-जाता बघत राहायची. शर्टाच्या बटणाएवढं स्टिअरिंग तीनदा फरशीवर पडलं. तिन्ही वेळा बाबा टॉर्च घेऊन पालथे पडले, शोधून काढलं, पुन्हा बसवलं, तोंडातून ब्र नाही. मी असते तर खोकं बाल्कनीतून फेकलं असतं. शेवटी राहिला बॉनेटवरचा नंबर. आकडे सहा, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. रोज सकाळच्या चहानंतर एकच काढायचा, असे सहा दिवस लागले. आकडे मात्र छापल्यासारखे आले.

मग दसरा आला. दिल्लीत आपट्याची पानं कुठली मिळायला, आम्ही सोसायटीच्या बागेतली कचनारची, म्हणजे कांचनाची, आणतो. स्कूटर, लॅपटॉप, मिक्सर, सगळ्यांची पूजा झाली आणि टेबलावरची जीप दिसली. गाडी ती गाडी, म्हटलं लहान काय नि मोठी काय, आणि बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. वर झेंडूची पाकळी. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

बाबा आंघोळ करून आले, बघितलं. कापसाने पुसायला गेले तर कुंकू रंगात मुरलेलं, आणि त्याच्याबरोबर शेवटचा आठही निघून आला. मला रडूच कोसळलं. उलट तेच माझी समजूत घालत बसले, की अगं, पूजाच केलीस ना, चोरी तर नाही केलीस. तेवढ्या भागावर त्यांनी पुन्हा हिरवा रंग दिला. तो वाळेपर्यंत शनिवारची सकाळ उजाडली, आणि नेमका त्या दिवशी हात फार थरथरत होता. दोनदा आठ काढला, दोनदा फिसकटला. माझा रांगोळीचा हात चांगला आहे, मी काढून देते, असं मी म्हणाले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तिसऱ्यांदाही फिसकटला तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"मनगट धर माझं. ब्रश मीच धरणार."

मी धरलं. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. पाण्याची मोटर लावल्यावर पाइप धडधडतो ना, तसं ते मनगट धडधडत होतं. लांबून बघताना मला याची कल्पनाच आली नव्हती. सगळा जोर लावूनही मला ते थांबवता येईना. बाबा ते थांबवत नव्हतेच. ते वाट बघत होते. मधेच क्षणभर कंप ओसरायचा, तेवढ्यात ते एक ठिपका ठेवायचे आणि पुन्हा थांबायचे. माझे डोळे भरून आले, पण पुसणार कशाने? दोन्ही हात गुंतलेले.

तो आठ पुरा व्हायला पाऊण तास लागला. बाकीचे पाच त्यांनी एकट्याने काढले होते.