मला न शिवलेला कावळा

आईने मला दर महिन्याला मागच्या पडवीत बाजूला बसवायला सुरुवात केली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला एकदाही पाळी आलेली नव्हती. पाळी आलेल्या बाईला कावळा शिवला, असं लहान पोरांना सांगतात. माझ्याकडे तो कावळा फिरकलाच नव्हता. पण विहिरीवरच्या बायकांची नजर वाईट. एकीने आईला विचारलं, "पोरगी बाजूला बसल्याली दिसत नाय गं कधी?" त्या महिन्यापासून मी पोत्यावर, वेगळा तांब्या घेऊन, विहिरीवरून नीट दिसेन अशी बसू लागले. या नाटकाचा मला भयंकर राग यायचा.

बाकी वाढ चारचौघींसारखी झाली होती. शेवटी आई मला कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून खात्री करून घेतली आणि आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. पोटात मुलगी घडत असते, तेव्हा तिच्यात आधी दोन बारीक नळ्या असतात. त्या जवळ येऊन जुळतात आणि त्यांची गर्भाची पिशवी होते. हिच्यात त्या नीट वाढल्याच नाहीत. अंडाशयं वेगळी घडतात, ती चांगली आहेत. पिशवी मात्र नाही. पाळी येणार नाही, मूलही होणार नाही.

आई एकदम म्हणाली, "गिराणात मी भोपळा चिरला व्हता, बाई. सासू पडून व्हती, सैपाक कोन करनार?"

"ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"सातव्या."

"हे त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं. तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हेसुद्धा जेमतेम कळलं असेल. भोपळ्याचा काही संबंध नाही."

आई पदर तोंडाशी धरून रडली. इतकी वर्षं ती त्या भोपळ्याचं ओझं वागवत होती आणि मला पत्ताही नव्हता. मला तिची फार दया आली. पण पुढच्या महिन्यात पडवीत पुन्हा पोतं पडलं. "लगीन तर होऊ दे," ती म्हणाली.

लोधिवलीचं स्थळ आलं. मुलगा रसायनीच्या कारखान्यात, एकुलता एक. एका दुपारी त्याची आई न कळवता आली, तेव्हा मी नेमकी पोत्यावर होते. आईचा चेहरा खुलला. याहून चांगला पुरावा कुठे मिळणार होता?

"आजच बाजूला बसलीय बगा," ती मोठ्याने म्हणाली.

"बसू दे गं. येळच्या येळी हाय ना? माजा एकच ल्योक. नातवंडं खेळवायची हायत मला."

"हाय तर."

उघड्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. त्या घरीही मी दर महिन्याला अशीच पोत्यावर बसणार आणि ही बाई वाट बघत राहणार. मी उठले, उंबरा ओलांडला, पिण्याच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि पाहुणीसमोर धरला.

तिने झटकन हात मागे घेतला. "अगं, तू भायेरची ना?"

"नाही. मी कधीच नव्हते. मला पाळी येत नाही, येणारही नाही. पिशवीच नाही मला."

ती आईकडे बघत राहिली. आईने मान खाली घातली. पाहुणी चपला घालून निघून गेली, पाण्याला शिवलीही नाही. भरलेला तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

आईने तो माझ्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"ते पोतं आन गं आत," ती म्हणाली. "भात भराया व्हईल."